अकरा घरांचा किल्ला

आमच्या घरमालकाने मला खोली दाखवायच्या आधी किल्ला दाखवला. बल्लारपूरहून एसटीत दिवसभर हादरे खात मी त्या गावात पोचलो होतो. नोकरीतली पहिलीच नेमणूक. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, लोकांच्या भाषेत ढोरडॉक्टर. गाव सिरोंचाच्या अंगाला, प्राणहितेच्या काठावर. नदीच्या पलीकडे तेलंगणा. मला फक्त पाठ टेकायची होती. भाऊंनी (गावात लहानथोर सगळे त्यांना नुसतं भाऊच म्हणत) माझी बॅग ओसरीवर ठेवली आणि म्हणाले, "खोली काई पळून नाई जात जी. पह्यले किल्ला पाहून घ्या. ऊन उतरलं का बुरूज दिसत नाई."

बुरूज ऊन असतानाही दिसत नव्हता. गावाबाहेर नदीच्या अंगाला एक टेकाड होतं. त्यावर सीताफळीची झुडपं, झुडपांत मांडीएवढ्या उंचीची भिंत, कुठेच न जाणाऱ्या तीन पायऱ्या आणि बुजत आलेली विहीर. इंग्रजांच्या काळात इथे सरहद्द होती. अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम, मध्ये नदी. पलीकडच्यांवर नजर ठेवायला इंग्रजांनी हे ठाणं बांधलं होतं. मी गेलो तेव्हा मधल्या पायरीवर बसून एक बकरी नजर ठेवत होती. भाऊंच्या गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिटी असे. त्यांनी ती अशी जोरात फुंकली की बकरी गेलीच, पण मीही दोन पावलं मागे सरलो.

"या, हा मोठा दरवाजा," असं म्हणून त्यांनी हवेत बोट दाखवलं. "डोकं वाका जी, चौकट खाली हाय."

मी इतका थकलो होतो की खरंच वाकलो. तिथेच आमचं जमलं. माझ्या आधी त्यांच्याकडे राहिलेले ग्रामसेवक त्या चौकटीखाली वाकले नव्हते. त्यांना मागची, बिनखिडकीची खोली मिळाली होती असं मला नंतर कळलं.

भाऊ मूळचे नावाडी. पूल व्हायच्या आधी दोन्ही काठांची माणसं, सायकली, कोंबड्या, नवऱ्या मुली, सगळं त्यांच्या नावेतून जायचं. नावेत बसलेला माणूस मधेच उठून जाऊ शकत नाही, हे भाऊंना फार लवकर समजलं होतं. ऐन मध्यावर आले की ते वल्हं आडवं ठेवत आणि किल्ला सांगायला घेत. ऐकणाऱ्याने निदान एक प्रश्न विचारल्याशिवाय वल्हं पाण्यात जात नसे. जाणती माणसं काठावरूनच प्रश्न तयार करून आणत. एकदा एका वऱ्हाडातला नवरीचा मामा म्हणाला, "हे तर पडकं गोदाम दिसून राह्यलं." भाऊंनी तिथल्या तिथे नाव वळवली आणि वऱ्हाड पुन्हा अलीकडच्या काठाला आणून लावलं. मुहूर्त जवळ आलेला. शेवटी नवरदेवाने स्वतः मामाला माफी मागायला लावली, तेव्हा कुठे अक्षता पडल्या.

पुढे पूल झाला आणि गावाने पेढे वाटले. भाऊंनीही दोन खाल्ले. पण पुलाबद्दल ते कधी चांगलं बोलले नाहीत. "पुलावर मानूस थांबतच नाई जी," ते म्हणायचे. "भुर्रकन जाते. त्याले सांगाव कवा?"

नाव गेली, शिटी उरली आणि किल्ला उरला. आणि नेमका त्या सुमारास त्यांना भाडेकरू म्हणून मी सापडलो.

टेकाडावरचा किल्ला दहा मिनिटांत संपतो, असं मी पहिल्याच आठवड्यात बोलून बसलो. भाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "हा तं नुसता पाया हाय, डॉक्टर. किल्ला गावात हाय."

आणि तो खरंच गावात होता. गोरे गेले, ठाणं ओस पडलं, आणि ज्याने घर बांधायला काढलं त्याने टेकाडावरून चार दगड, दहा विटा उचलून आणल्या. गावाला त्यात चोरी वाटत नव्हती. जंगलातून सरपण आणावं, नदीतून वाळू आणावी, तसा टेकाडावरून दगड आणावा. असा तो किल्ला अकरा घरांत वाटला गेला होता, आणि कुठला दगड कुणाच्या घरी कुठे बसलाय हे भाऊंना तोंडपाठ होतं. रविवारी सकाळी ते मला घेऊन निघत. उत्तरेचा बुरूज तीन घरांत मिळून होता. एकाच्या उंबऱ्यात, एकाच्या चुलीमागे आणि एकाच्या गोठ्यात. पहारेकऱ्यांची खोली एका किराणा दुकानाच्या पायरीत होती. तोफेचा चौथरा सरपंचांच्या न्हाणीत होता, त्यामुळे तो पाहायला वेळ साधावी लागे. भाऊ बाहेरूनच ओरडत, "सरपंच, तोफ मोकळी झाली का?" आणि आतून साबणाच्या तोंडाने उत्तर येई, "दोन तांबे राह्यले भाऊ!"

प्रत्येक घरी कोरा चहा. नाही म्हणायची सोय नव्हती. अकराव्या घरी एकदा मी हात जोडले, तर भाऊ म्हणाले, "मंग अर्धाच किल्ला पाह्यला समजा." मी मुकाट्याने कप उचलला. सोमवारी दवाखान्यात माझे हात इतके थरथरत होते की एका गाईने मला इंजेक्शन देऊच दिलं नाही.

या फेरीत एक घर मात्र ते टाळायचे. नाल्याच्या कडेला फुलाबाईंचं एक खोलीचं घर होतं. फुलाबाई एकट्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तळ्यातली मासोळी टोपलीत घेऊन विकायच्या. त्यांच्या घराची मागची अख्खी भिंत ठाण्यासारख्याच रुंद, चपट्या विटांची होती. मी बोट दाखवलं की भाऊ चालण्याचा वेग वाढवायचे. "ते किल्ल्यात येत नाई," एवढंच म्हणायचे. मला ढोरांतलं कळतं, विटांतलं नाही, म्हणून मी गप्प बसायचो.

आमचं भांडण व्हायचं ते वेगळ्याच विटेवरून. भाऊंच्या स्वतःच्या घरी देव्हाऱ्याखाली ठाण्याची एक वीट होती. ती ओली असताना तिच्यावर कुठल्यातरी जनावराने पाय दिला होता आणि पंजा तसाच भाजला गेला होता. भाऊंच्या मते तो वाघाचा. मी पहिल्याच दिवशी विटेवर टॉर्च मारून सांगितलं की हा कुत्रा आहे. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो. इथे तर चारही नखांचे ठिपके स्वच्छ उमटलेत.

"ओल्या मातीत पाय घसरला त्याचा," भाऊ म्हणाले. "म्हनून नखं काढले."

"भाऊ, आकार तरी पाहा. वाघ एवढासा असतो का?"

"तुमी ढोराचे डॉक्टर. वाघाचं तुमाले काय समजते? वाघ कवा आला व्हय तुमच्या दवाखान्यात?"

हा वाद आम्ही तीन वर्षं चालवला. त्यांच्या बायकोने (तिला मी बाई म्हणायचो) एकदाच तोंड घातलं. "मी लग्न होऊन आली तवापासून हा वाघ माह्या देवाखाली बसून हाय," ती भाकर उलटता उलटता म्हणाली. "एक उंदीर नाई मारला मेल्यानं."

भाऊंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पाटी. कधीतरी चंद्रपूरला गेले असताना तिथल्या परकोटाच्या (शहराच्या जुन्या तटाच्या) दरवाजापाशी त्यांनी सरकारची निळी पाटी पाहिली होती. हे स्मारक संरक्षित आहे, याची नासधूस करू नये, वगैरे. ती त्यांनी तीनदा वाचली, म्हणे, आणि परतीची बस चुकवली. "पाटी नसली का लोकं ढिगारा म्हनते," ते मला सांगायचे. "पाटी लागली का तोच किल्ला." त्यासाठी ते नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला अर्ज करत. मी आल्यापासून अर्ज माझ्या अक्षरात जाऊ लागले, कारण भाऊंच्या मते ढोरडॉक्टरच्या अक्षराला वजन असतं. आपला अर्ज पुढे पाठवला आहे, असं उत्तर येई. भाऊ ते उत्तर देव्हाऱ्यात, वाघाच्या वर ठेवत.

आणि एके दिवशी खरोखर पत्र आलं. पाहणीसाठी अधिकारी येणार होते.

आता इथून पुढचा घोळ माझा आहे, तो कबूल करतो. पानठेल्यावर कुणीतरी विचारलं, "साहेब येऊन करन काय?" आणि मी शहाणपणा पाजळला, "यादी करतील. एकेका दगडाला नंबर पडेल." माझं म्हणणं टेकाडावरच्या दगडांबद्दल होतं. पण नेमक्या त्याच महिन्यात मी घरोघर फिरून जनावरांच्या कानांत पिवळे बिल्ले मारत होतो. बिल्ला मारला की नंबर, नंबर मारला की ते जनावर सरकारच्या कागदावर. लोकांनी सुताने स्वर्ग गाठला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ढोरांचं झालं, आता दगडांना बिल्ले मारणार, आणि ज्याच्या घरात बिल्ल्याचा दगड निघेल त्याचं घर उकरून सरकार किल्ला परत बांधणार.

दोन दिवस गाव झपाटल्यासारखं कामाला लागलं. पायऱ्यांवर शेणाचे थर चढले. गोठ्यातल्या बुरुजावर कडब्याची गंजी रचली गेली. सरपंचांनी तोफेवर गुळगुळीत पांढऱ्या लाद्या बसवून घेतल्या आणि पहिल्याच आंघोळीला घसरून पडले. ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांनी दगडाला शेंदूर फासला. गावात एकदम चार नवे देव झाले, चारही काटकोनात. भाऊ घराघरापुढे शिटी फुंकत फिरत होते, पण आतून कुणी ओ देईना. शेवटी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "डॉक्टर," ते म्हणाले, "एक बिल्ला स्वतःच्या जिभेले मारून घ्या."

त्याच दिवशी फुलाबाई आल्या. ओसरीच्या खाली उभ्या राहिल्या, टोपली डोक्यावरच. "भाऊ, माही भिंत नेतीन का?" एवढंच विचारलं. भाऊंनी मान वर केली नाही. त्या तशाच निघून गेल्या.

त्यांच्या त्या भिंतीची गोष्ट मला बाईने सांगितली. मी यायच्या काही वर्षं आधी नदी गावात शिरली होती आणि फुलाबाईंचं मातीचं घर विरघळून गेलं. पुढचा पावसाळा डोक्यावर आला तरी त्या पत्र्याच्या आडोशालाच होत्या. तेव्हा टेकाडावर ठाण्याची पश्चिमेची भिंत दीड पुरुष उंच, जशीच्या तशी उभी होती. किल्ल्यासारखं दिसणारं काय ते तेवढंच होतं. भाऊंनी सबल (लोखंडी पहार) घेतली आणि आठ दिवसांत ती भिंत स्वतःच्या हातांनी उतरवली. नाल्याला पाणी होतं, बैलगाडी जाईना, म्हणून विटा नावेतून वाहिल्या आणि तिकडची भिंतही स्वतःच रचून दिली. "एकेक वीट काढे आन शिव्या दे," बाई म्हणाली. "कोनाले देत होता, त्याचं त्याले मालूम." फुलाबाईंना त्यांनी सांगितलं की भिंत पुरातच पडली होती, विटा नुसत्या पडून होत्या. तेव्हापासून त्यांनी त्या घरात पाय ठेवला नव्हता.

म्हणजे अकरा घरांनी अनेक वर्षांत मिळून जेवढा किल्ला नेला, त्यापेक्षा जास्त एकट्या भाऊंनी आठ दिवसांत नेला होता. ऐकून मला त्यांच्याकडे पाहवेना. मी इतके रविवार त्यांच्या किल्ल्याची टिंगल केली होती आणि त्याची मला मनापासून लाज वाटली.

पाहणीला एक तरुण मॅडम आल्या. पायांत बूट, डोक्यावर कापडी टोपी, हातात जुन्या नकाशाची प्रत. अख्खं गाव टेकाडावर गोळा झालेलं. भाऊंनी धुतलेला सदरा घातला होता. ते म्हणाले, "मॅडम, डोकं वाका, चौकट खाली हाय," आणि मी डोळे मिटून घेतले. उघडून पाहतो तर मॅडम वाकून आत येत होत्या. वर विचारतात, "दरवाजा एकाच फळीचा होता की दोन?" भाऊंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता हे रडतील. इतकी वर्षं नावेतल्या माणसांना धरून धरून प्रश्न विचारायला लावले होते; हा पहिला आपणहून आलेला.

मॅडमनी तासभर मोजमाप घेतलं. मग घाम पुसत म्हणाल्या, "पाया उत्तम आहे भाऊ. पण वर काही उरलेलंच नाही, एवढ्यावर पाटी मिळणार नाही. या नकाशात पश्चिमेला मोठी भिंत दिसते. तिच्या विटा गावात कुठे असतील तर मला दाखवा. त्या मिळाल्या तर मी प्रस्ताव जोर लावून पाठवते. आपण भिंत परत उभी करू. मग पाटी नक्की."

गर्दीच्या कडेला फुलाबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. भाऊंनी शिटी तोंडात धरली, फुंकली नाही, पुन्हा काढली.

"पश्चिमेची भिंत पुरात वाहून गेली, मॅडम."

"सगळी?"

"सगळी."

"आणि बाकीचे दगड? गावात एकही नाही?"

ज्या माणसाला झोपेतून उठवलं तरी कुणाच्या चुलीमागे कुठला दगड आहे ते सांगता आलं असतं, तो माणूस नदीकडे पाहत म्हणाला, "एक बी नाई."

मॅडमनी वही मिटली. गाडीकडे जाताना वाटेत ते चार देव लागले, शेंदूर अजून ओला. त्यांनी चौघांनाही हात जोडले आणि मला विचारलं, "इकडे देव चौकोनी असतात का हो?" मी म्हणालो, "मी ढोरडॉक्टर आहे, मॅडम." त्या हसल्या आणि गाडीत बसल्या. महिन्याभराने पत्र आलं की पुरेसे अवशेष आढळले नाहीत. भाऊंनी ते देव्हाऱ्यात ठेवलं नाही.

शिटी खुंटीला गेली. भाऊ टेकाडावर जाईनात, रविवारी घराबाहेर पडेनात. बकऱ्या तिन्ही पायऱ्यांवर ओळीने बसू लागल्या. मला चहाशिवाय रविवार काढता येईना. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "भाऊ, पंजा पुन्हा पाहिला. वाघाचा असेलही." ते म्हणाले, "राहू द्या जी. कुत्राच असन." हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी जेवलो नाही.

मग एका सकाळी फुलाबाई आल्या. या वेळी टोपली नव्हती. "भाऊ, चाला," त्या म्हणाल्या. "किल्ला पाहाले या. चाय मांडून आली मी."

भाऊ उठले. मी मागोमाग. फुलाबाईंनी आपल्या भिंतीवरचं सगळं शेण खरवडून काढलं होतं, वर पाण्याने धुतली होती. सकाळच्या उन्हात विटा लालबुंद दिसत होत्या. भाऊ दारात थबकले, मग आत गेले. भिंतीवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. फुलाबाई पदराचं टोक धरून उभ्या.

"फुलाबाई," भाऊ म्हणाले, "कोपऱ्यातली हे एक वीट उलटी बसली हाय."

"तुमीच बसवली व्हती, भाऊ," फुलाबाई म्हणाल्या. "पुरात पडलेली वीट अशी कोरी राह्यते का? मले तवाच समजलं व्हतं."

भाऊंनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत बसले. पुढच्या रविवारी शिटी गळ्यात होती आणि किल्ला बारा घरांचा झाला होता. शेणाचे थर निघाले, कडब्याची गंजी हलली, सरपंचांनी स्वतःच्या पाठीच्या भल्यासाठी लाद्या उपटल्या. चार देव मात्र देवच राहिले. एकाला तर नवससुद्धा पावला, असं ऐकतो.

माझी बदली बल्लारपूरला झाली, तेव्हा भाऊंनी जुन्या लुंगीत गुंडाळलेली एक जड वस्तू माझ्या मांडीवर ठेवली. पंजाची वीट. मी नको नको म्हणालो. "घ्या जी," ते म्हणाले. "तेरावं घर. आता आपली सरहद्द बल्लारपूरपर्यंत आली."

ती वीट माझ्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी आहे. मागच्या वर्षी भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून ते आणि बाई आमच्याकडे राहायला आले. हिरवी पट्टी डोळ्यावर, गळ्यात शिटी. घरात शिरताना दाराच्या चौकटीखाली मी वाकून दाखवलं, तर माझी बायको म्हणाली, कंबर दुखतेय का. भाऊंनी उघड्या डोळ्याने आधी वीट तपासली, मग खुर्चीत बसले. इतक्यात कागद कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका डोकावले. खाली वाकून म्हणाले, "अरे वा, पंजा! कुत्र्याचा का हो डॉक्टर?"

भाऊ बशीत चहा ओतत होते. त्यांचा हात थांबला.

"नाही," मी म्हणालो. "वाघाचा आहे."

काकांनी नखांच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या नोकरीचा मान राखून गप्प बसले. भाऊंनी बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला.

"पिल्लू व्हतं," ते काकांना समजावून म्हणाले. "मोठा असता तं वीट फुटली असती."